उद्या ये

आज सकाळी चर्चमधल्या उपासनेत ‘पवित्र जीवन’ या विषयावर पाऊण तास संदेश ऐकला. सिनेमा, मोबाईल, नेलपॉलिश आणि तरुण मुलींचे कपडे एवढ्यातच पावित्र्य आटोपले. उपासना सुटल्यावर फाटकाशी पेठ तालुक्यातून द्राक्षांच्या कामाला आलेली एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. आमच्याच मंडळीतल्या एका बागायतदार सभासदांकडे तिची चार दिवसांची मजुरी राहिली होती. काखेतले पवित्र शास्त्र सावरत ते तिला म्हणाले, “आज प्रभूचा दिवस आहे, व्यवहाराचे बोलायचे नाही. उद्या ये.”

‘तुम्ही पवित्र असा’ ही आज्ञा बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच अध्यायातल्या 13 व्या वचनात मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये असे सांगितले आहे, आणि 10 व्या वचनात चक्क द्राक्षमळ्याचाच विषय आहे: मळा पार झाडून नेऊ नये, खाली पडलेली फळे गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत. अंगावर गोंदवून घेऊ नये असेही एक वचन तिथे आहे खरे; नेमके तेवढे आपल्याला तोंडपाठ असते!

पप्पांची दिंडोरीकडे दीड एकर बाग होती. एका शनिवारी हिशेबात एका मजूर बाईचे चाळीस रुपये द्यायचे राहिले, हे त्यांना रात्री जेवताना आठवले. ते ताटावरून उठले, मला लुनावर मागे बसवले आणि आम्ही मजुरांच्या झोपड्यांपाशी गेलो. तिथे वीज नव्हती, म्हणून लुना चालूच ठेवून तिच्या दिव्याच्या उजेडात त्यांनी नोटा मोजल्या आणि “ताई, चुकले माझे,” एवढेच म्हणाले. घरी परतल्यावर गार झालेली भाकरी खाल्ली. पावित्र्य हा शब्द त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला.

व्यापारी माल उचलून पसार होतात आणि बागायतदाराचेच पैसे बुडतात, हे मान्य. व्यसनाने मोडलेली घरेही मी पाहिली आहेत, त्यामुळे त्याविषयी बोलू नये असे माझे म्हणणे नाही. पण त्या सभासदांची गाडी फाटकाशीच उभी होती आणि ती बाई कोणत्या वाहनाने आली असेल, हे विचारावे असेही त्यांना वाटले नाही. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या ज्या शरणपूर या ख्रिस्ती गावाने थारा दिला, त्याचा वारसा आपण सांगतो. फुकट राबवून घेतलेल्या माणसांचा तो आश्रय होता, याचा तरी विसर पडू नये.

आता राग थोडा ओसरला आहे, कारण मीही तिथेच उभा होतो. खिशात पैसे होते आणि तोंडात जीभही होती. पप्पा असते तर त्यांनी त्या सभासदांना बाजूला घेऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितले असते. मी मात्र “सलाम, साहेब,” म्हणून गाडी काढली, आणि बायकोने “ती बाई कोण होती?” असे विचारले तेव्हा रस्त्याकडे पाहत राहिलो.

हे लिहिताना आठवले की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे मागच्या आठवड्याचे पैसे अजून माझ्याकडेच आहेत. त्याचे दुकान साडेनऊपर्यंत उघडे असते. जाऊन येतो.