वृद्धाश्रम निवडताना विचारू नयेत असे प्रश्न

घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी पुण्याच्या आसपास वृद्धाश्रम शोधायला निघालात? उत्तम. काळजीचं कारणच नाही. धायरी, भूगाव, वाघोली, तळेगाव, आळंदी रस्ता, जिकडे वळाल तिकडे कुणीतरी बंगला भाड्याने घेऊन, जिन्याला एक कठडा ठोकून, नावात सावली किंवा संध्याकाळ असलेली पाटी लावलेली आहे. प्रश्न फक्त निवडीचा. माझ्या आत्याचं खुब्याचं हाड मोडल्यापासून या विषयातला माझा अधिकार बराच वाढला आहे, तेव्हा चार सूचना देते.

सुरुवात एक्सेल शीटने करा. डावीकडे संस्थांची नावं, वर तीन रकाने: आरोग्य, खर्च, राहायला कसं. घरातला जो कुणी आयटीत असेल तो हे हौसेने करून देतो, वर रंगही भरून देतो. रकाने भरले जातील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

आरोग्याच्या रकान्यात 'डॉक्टर ऑन कॉल' एवढं लिहा आणि पुढे चला. त्याचा अर्थ असा की रात्री आजींना धाप लागली की मावशी मॅनेजरला फोन करते, मॅनेजर डॉक्टरांना करतो, डॉक्टर 'हलवा' म्हणतात आणि मॅनेजर तुम्हाला करतो. कॉलवर तुम्ही असता.

'नर्स आहे का?' याचं उत्तर 'चोवीस तास' असं येतं. त्यावर समाधान मानावं. ती जीएनएम (नर्सिंगचा पूर्ण डिप्लोमा केलेली) की एएनएम (त्याहून लहान कोर्स केलेली), तिची परिचर्या परिषदेकडे नोंद आहे का, की माणसं पुरवणाऱ्या ब्युरोने परवा धाडलेली आणि उद्या दुसरीकडे जाणारी मुलगी आहे, असल्या चौकशा चांगल्या घरची माणसं करत नाहीत. रात्री दोन वाजता अख्ख्या मजल्यावर किती जण जागे असतात, हे तर मुळीच विचारू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांना जखमा होतात. बारा पेशंट आणि एक मावशी, तीही दिवसपाळी उरकून आलेली. हे गणित बसत नाही, ते चौथीतलं पोरही सांगेल. तुम्ही चौथीत नाही. तुम्ही बाग बघा.

भेट द्यायची ती आधी कळवून, रविवारी, सकाळी अकराला.

ऑफिसात चहा मिळेल तो प्यावा. आतल्यांना तोच मिळतो का, हे बघायला जाऊ नये.

जागा शक्यतो निसर्गाच्या कुशीतली घ्या. पानशेतच्या वाटेला खिडकीतून डोंगर दिसतो, मोतीबिंदू नसेल तर. छातीत दुखायला लागलंच, आणि ते नेमकं रविवारी संध्याकाळी, तर सिंहगडावरून परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत अँब्युलन्समधून तोच निसर्ग बराच वेळ पाहता येतो.

आता तुलनेसाठी तारे. अमेरिकेत मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याकडून 2008 पासून नर्सिंग होमना, म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थांना, एक ते पाच तारे मिळतात. तपासणीत काय सापडलं, कर्मचारी किती, रहिवाशांना जखमा किती झाल्या, असं वेगवेगळं मोजून. कर्मचाऱ्यांचे आकडे पूर्वी संस्था स्वतःच कळवायच्या, त्यामुळे ते गोड असायचे; आता ते पगाराच्या नोंदींवरून घेतात. इंग्लंडात तर तपासणीचा शेरा, अगदी 'अपुरं' असा असला तरी, संस्थेला दर्शनी भागात लावावा लागतो. फारच रूक्ष लोक. आपल्याकडे गूगल आहे. तिथे बहुतेक सगळ्यांना साडेचारच्या वर तारे. 'खूप प्रेमळ स्टाफ, प्रसन्न वातावरण' असं लिहिणारा बहुधा चिरंजीवांच्या वाढदिवसाला फळवाटप करायला आलेला असतो. केळी वाटली, आजीबाईंच्या पाया पडला, फोटो काढले, पाच तारे दिले, गेला. आजीबाईंना मधुमेह होता.

खर्चाचा विषय जरा सविस्तर सांगते. पहिली गोष्ट, फोनवर दर विचारू नका. विचारलात की पलीकडचा आवाज एकदम मऊ होतो. 'मॅडम, रेट आम्ही फोनवर सांगत नाही. तुम्ही एकदा व्हिजिट करा, पेशंटची कंडिशन बघून ठरतं.' व्हॉट्सॲपवर पाठवा म्हटलं तर ब्रोशर येतं. त्यात सूर्यास्त असतो, सुरकुतलेले दोन हात असतात, संस्थापकांचं मनोगत असतं. आकडा नसतो. लग्नाचा हॉलवालासुद्धा खुर्ची मोडली तर किती आणि ताट वाढलं तर किती, हे छापील देतो. इथे नाही. मग तुम्ही जाता. ते कंडिशन बघतात, तुमच्या गाडीची. आणि सांगतात, 'सगळं धरून 28 हजार.'

आत्याचं पहिल्या महिन्याचं बिल आलं 41 हजार 600. डायपर वेगळे. अंडरपॅड वेगळे. हातमोजे वेगळे, आणि ते आत्याला नव्हे, तिला पुसणाऱ्या बाईला. 'असिस्टन्स लेव्हल टू' म्हणून एक रक्कम. चौकशीअंती कळलं, ती वॉकर घेऊन संडासला जाते तेव्हा मागे कुणीतरी उभं राहतं त्याची. उभं राहतं म्हणे. दोन वेळा ती एकटीच गेली, हे तिनेच सांगितलं. लघवीच्या इन्फेक्शनमुळे ती मध्ये हॉस्पिटलात होती, त्या दिवसांचे पैसेही पूर्ण. 'बेड राखून ठेवावा लागतो ना, मॅडम.' बरं, आणि जेवण? जेवणही राखून ठेवलं होतं का? यावर तो माणूस हसला. मी विनोद केलाय असं त्याला वाटलं. डिपॉझिट निम्मं बिनपरतीचं, हे पावतीच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात. सोडायचं तर महिनाभराची नोटीस. आणि माणूस गेलं तर? विचारलं मी. 3 तारखेला गेलं तरी महिना पूर्ण धरतात. म्हणजे यमदूताने आधी मेल टाकायला हवा.

दुसऱ्या एका ठिकाणी तर सोयच मोठी होती. धर्मादाय नोंदणी असलेल्या वृद्धाश्रमाने साठीपुढच्या माणसाकडून महिना 25 हजारांपर्यंत घेतले तर त्यावर जीएसटी माफ असतो. म्हणून पावती 24 हजार 900 ची, आणि वरचे 'ऐच्छिक देणगी'. ऐच्छिक, फक्त दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत.

कुणीतरी फॅमिली ग्रुपवर 'सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड आहे ना' असं सांगेलच. त्याला नमस्कार करा. ते 5 लाखांचं कवच हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचं असतं, रोजच्या सांभाळण्याचं नाही.

राहायला कसं, हा तिसरा रकाना. यात मंदिर, भजन आणि टीव्ही लिहावं. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले: दार किमान 900 मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल असा उतार, न्हाणीघरात पकडायला दांड्या, फरशी न घसरणारी. ते बिल्डरने बांधून विकायच्या घरांना. भाड्याच्या बंगल्यातल्या संडासाला चार इंचाचा उंबरठा असला तर तो वास्तूचा मान समजावा. रात्रीचं जेवण साडेसहाला, दिवे आठला बंद. माझी आत्या चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती, पहाटे पाचला उठून स्वतःचा चहा स्वतः करायची. तिला सातपर्यंत पलंगावरून उतरायची परवानगी नाही, कारण पडली तर जबाबदारी कुणाची? तिच्या कपाटाची किल्ली ऑफिसात असते. चष्मा हरवला, तर दुसऱ्याच कुणाचा तरी आणून लावला. 'आजींना काय फरक पडतो?'

पडतो. तिला फरक पडतो.

जाऊ दे, आता सूचना पुरे. सरळच बोलते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान 150 जणांचा वृद्धाश्रम आणि वृद्धाश्रमांच्या सेवांचे दर्जे, दोन्ही लिहिलेलं आहे. पण राज्य सरकार ते 'करू शकेल' असं. करायलाच हवं असं नाही. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा होता. साडेचार वर्षं ते पडून राहिलं आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तसं तेही गेलं. एकाही खासदाराने त्यासाठी सभात्याग केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. त्यांना आई नसते का?

आणि संस्थाचालकहो, तुम्ही. महाराष्ट्रात 2021 पासून खासगी हॉस्पिटलला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. तुमच्याकडे विषय काढला की तुम्ही म्हणता, आम्ही हॉस्पिटल नाही. मग नाकात नळी आणि पलंगाला लघवीची पिशवी असलेली माणसं कशाला ठेवून घेता? आणि बिलात 'पेशंट' कसं लिहिता? पैसे घेताना हॉस्पिटल, जबाब देताना घर. चांगली माणसं या कामात आहेत, मला भेटलीही. एका बाईंनी फोनवरच सगळे दर सांगितले, रात्री दोघीजणी असतात हेही न विचारता सांगितलं. त्यांच्याकडे जागा नव्हती. पण म्हणजे सांगता येतं! सांगितल्याने धंदा बुडत नाही. तुम्ही सांगत नाही, कारण आम्ही घाईत असतो, हॉस्पिटलने डिस्चार्ज दिलेला असतो आणि घरी बघायला कुणी नसतं, हे तुम्हाला पक्कं माहीत असतं.

आणि आपणही, बाग बघून, 'किती छान आहे हो' म्हणून मोकळे होणारे. परत जाऊन विचारा. पांघरूण उचलून टाचा बघा. रात्री जा. दार उघडत नाहीत म्हणाले, तर ते लिहा गूगलवर, केळ्यांच्या फोटोंच्या खाली.

संस्थापकांच्या आईवडिलांच्या तसबिरींना भिंतीवर जागा आहे ना? तिथेच शेजारी लावा: डायपर किती, नोटीस किती, डिपॉझिट परत किती, रात्रपाळीला माणसं किती. खोटं लिहिलंत तर आम्ही दोन वाजता येऊन मोजू.