‘मी परवानगी देत नाही’: त्या फॉरवर्डचं एकेक वाक्य

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. काकांनी टाकला, पाठोपाठ आत्याने तो स्वतःच्या फेसबुकवर चिकटवला आणि रात्रीपर्यंत घरातल्या पाच-सहा जणांच्या वॉलवर तो दिसू लागला. मजकूर बहुतेकांनी पाहिलेला आहे. उद्यापासून फेसबुकचा, म्हणजे मेटाचा, नवा नियम लागू होतोय. कंपनी तुमचे फोटो वापरू शकते. आज शेवटचा दिवस. वकिलाने हे टाकायला सांगितलंय. माझे फोटो, माहिती, मेसेज वापरायची परवानगी मी देत नाही. उल्लंघन झालं तर यूसीसी १-३०८ आणि रोम संविधीनुसार शिक्षा होईल. शेअर करू नका, कॉपी-पेस्ट करा.

काकांना आणि आत्याला वाटणारा अविश्वास अगदी रास्त आहे. म्हणूनच तो अशा मेसेजवर वाया जाताना पाहून मला वाईट वाटतं.

‘उद्यापासून नवा नियम.’ हे ‘उद्या’ २०१२ पासून चालू आहे. त्या वर्षी मे महिन्यात फेसबुकचे शेअर बाजारात आले आणि नोव्हेंबरमध्ये याच धर्तीची सूचना जगभर फिरली. असं काही घडलेलं नाही, असा खुलासा कंपनीला तेव्हाच करावा लागला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘गुडबाय मेटा एआय’ या नावाने तीच गोष्ट परत आली. नियम खरोखर बदलतात, पण ते असे कळत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने धोरण बदललं, तेव्हा ॲप उघडताच सूचना आली, तारीख आली. आधी ८ फेब्रुवारी, ओरड झाल्यावर १५ मे. ती सूचना आपल्यापैकी बहुतेकांनी न वाचता ‘मान्य’ केली. खोट्या सूचनेपुढे आपण सावध होतो आणि खरी येते तेव्हा घाईत असतो.

रोम संविधीचं लवकर आटपतो. १९९८ साली झालेला तो करार नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांसारख्या गुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणारा आहे. भारत त्यात सामीलही नाही. यूसीसी म्हणजे इथे युनिफॉर्म कमर्शियल कोड, अमेरिकेतल्या राज्यांनी स्वीकारलेला व्यापारविषयक कायद्याचा नमुना. फेसबुकवरच्या आपल्या फोटोंशी या दोन्हींचा संबंध नाही.

‘मी परवानगी देत नाही.’ मेसेजचा जीव या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू या. आपल्याकडे घर भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्सचा करार करतात. घर मालकाचंच राहतं, वापरायची मुभा दुसऱ्याला मिळते. खातं उघडताना आपण फेसबुकशी जवळपास तेच केलेलं असतं. फोटो आपलाच राहतो, पण तो साठवायची, दाखवायची, वापरायची मुभा आपण कंपनीला देतो, जगभरासाठी आणि मोबदल्याशिवाय. आता मालकाने सोसायटीच्या फाटकावर कागद लावला की ‘आजपासून मला हा करार मान्य नाही’, तर करार संपतो का? तो कसा संपेल हे करारातच लिहिलेलं असतं. फेसबुकच्या अटींतही ते आहे. अटींमधला बदल लेखी हवा आणि त्यावर कंपनीची सही हवी. दिलेली मुभा काढून घ्यायची तर तो मजकूर डिलीट करायचा. वॉलवर लिहिलेल्या घोषणेने दोन्हींतलं काहीच होत नाही.

‘कंपनी तुमचे फोटो वापरू शकते.’ हे मात्र खरं आहे! प्रौढ व्यक्तींच्या सार्वजनिक पोस्ट आणि फोटो एआय घडवायला वापरतो, असं मेटाने स्वतःच सांगितलं आहे. युरोपात हे मे २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथल्या लोकांना फॉर्म भरून हरकत नोंदवता आली, कारण त्यांच्याकडे २०१८ पासून कडक कायदा लागू आहे. तिथे हरकत ऐकली गेली ती कायद्याच्या जोरावर.

आणि आता अविश्वासाबद्दल, कारण ‘कशाला एवढं घाबरता’ असं म्हणणारेही मला पटत नाहीत. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं, तेव्हा दोन्हीकडची खाती आपोआप खात्रीने जुळवता येणार नाहीत, असं युरोपीय आयोगाला सांगितलं. २०१६ मध्ये तशी जुळवणी करायची तरतूद आली. दिशाभूल करणारी माहिती दिली म्हणून मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड झाला. सुरक्षेसाठी म्हणून लोकांनी दिलेले फोन नंबर जाहिरातींसाठी वापरले, हा २०१९ मधल्या अमेरिकी कारवाईतला एक आरोप. त्या प्रकरणात ५ अब्ज डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०२१ च्या त्याच व्हॉट्सॲप धोरणावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

केम्ब्रिज ॲनालिटिकाचा आकडा तर माझ्या डोक्यातून जात नाही. या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुकवरच्या लोकांची माहिती एका प्रश्नावलीच्या ॲपमधून गेली होती. ते ॲप भारतात ३३५ जणांनी घेतलं होतं. माहिती गेली असण्याची शक्यता होती ती ५,६२,४५५ जणांची. हा हिशेब फेसबुकनेच २०१८ मध्ये दिला. म्हणजे साडेपाच लाखांहून जास्त लोकांनी कुठलंच बटण दाबलं नव्हतं, बटण दाबलं होतं त्यांच्या मित्रयादीतल्या कोणीतरी. त्यांच्यातल्या प्रत्येकाने ‘मी परवानगी देत नाही’ असं वॉलवर लिहिलं असतं, तरी काय वाचलं असतं?

उरलं ‘कॉपी-पेस्ट करा’. माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे. ते केलं की काम झाल्यासारखं वाटतं. आत्याने चिकटवलेली सूचना सार्वजनिक होती, कोणालाही दिसत होती. तिच्याच खाली नातीचा शाळेच्या गणवेशातला फोटो, तोही सार्वजनिक, गणवेशावर शाळेचं नाव. सूचना टाकून ती निर्धास्त झाली होती.

सेटिंग बदलल्याने काय होतं, हे एकदा मोठ्या प्रमाणावर दिसलेलं आहे. एप्रिल २०२१ पासून आयफोनमध्ये ‘या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का’ असं विचारलं जाऊ लागलं. भरपूर लोकांनी ‘नको’ म्हटलं. त्यामुळे २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असं मेटाला आपल्या गुंतवणूकदारांना सांगावं लागलं.

आपला डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. पण मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. ‘मी परवानगी देत नाही’ या वाक्याला वजन येईल ते या कायद्याने. ग्रुपवर काही फिरवायचंच असेल, तर त्या मुदतीची आठवण फिरवू या.

रविवारी आत्याला व्हिडिओ कॉल केला. जुन्या सगळ्या पोस्ट एकदम मित्रांपुरत्या करायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती तिने स्वतः शोधून काढली. दुसऱ्या ॲप आणि वेबसाइटवरून फेसबुककडे येणारी तिची माहिती तोडली, फोनमधले कॉन्टॅक्ट फेसबुकवर अपलोड होणं बंद केलं. गणवेशातला फोटो तिने डिलीटच केला. वीस मिनिटं लागली. मग म्हणाली, “ती सूचना काढते आता. आणि काकांनाही लाव फोन, त्यांची तर सगळी यात्रा सार्वजनिक आहे.”