टूरबियाँ असलं की घड्याळ सगळ्यात अचूक? खुलासा

‘टूरबियाँमुळे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम शून्य होतो, म्हणून हे मनगटी घड्याळ जगात सर्वात अचूक’ असा दावा सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. टूरबियाँ म्हणजे यांत्रिक घड्याळातला फिरता पिंजरा, ज्यात वेळ राखणारे भाग बसवलेले असतात.

घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांनी पॅरिसमध्ये 1801 साली याचं पेटंट घेतलं, ते खिशातल्या घड्याळासाठी. असं घड्याळ दिवसभर खिशात उभंच राहायचं, त्यामुळे बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाच्या) तोलातला बारीकसा दोषही एकाच दिशेने साचत जायचा. ब्रेगे यांनी बॅलन्स व्हील, केसासारखी बारीक स्प्रिंग आणि एस्केपमेंट (चाकांची गती टप्प्याटप्प्याने सोडणारी यंत्रणा) एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरता केला. आज तो बहुधा मिनिटाला एक फेरी घेतो. चूक नाहीशी होत नाही, फेरीभर विभागली जाऊन सरासरीत बरीचशी भरून निघते. मनगट तर सतत हलतं, त्यामुळे तिथे हा फायदा फारसा उरत नाही. वेळेच्या अचूकतेत बॅटरीवरचं साधं क्वार्ट्झ घड्याळही त्याच्या पुढे आहे.

पैसे मोजायचे ते कारागिरीसाठी, आणि ती खरोखर थक्क करणारी आहे: अनेकदा एक ग्रॅमही न भरणारा पिंजरा, त्यात डझनावारी सुटे भाग, कडा हाताने घासून चकाकवलेल्या.

आणखी एक: डायलच्या खिडकीतून चाक नुसतं मागेपुढे झुलताना दिसत असेल, तर ते ‘ओपन हार्ट’, म्हणजे बॅलन्स व्हील दिसावं म्हणून डायल उघडी ठेवलेलं टूरबियाँ नसलेलं घड्याळ आहे. टूरबियाँत अख्खा पिंजरा फिरतो.