अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष टीव्ही चॅनेल ठरवत नाहीत

अमेरिकेतल्या निवडणुकीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: तिथे निवडणूक आयोगच नाही, मोजणी पुरी व्हायच्या आत टीव्ही चॅनेल विजेता ठरवून मोकळे होतात, 2020 मध्ये रात्री पुढे असलेले ट्रम्प पहाटे मागे पडले, म्हणजे रातोरात मतं घुसवली, आणि शेवटी ज्याच्याकडे पैसा तोच निवडून येतो. मला हा मजकूर पाठवणारी माणसं शिकलेली आहेत, रोज पेपर वाचतात. म्हणून हे लिहायला बसलो.

आयोगाचा मुद्दा अर्धा खरा आहे. फेडरल इलेक्शन कमिशन 1975 पासून आहे, पण ते लक्ष ठेवतं प्रचाराच्या पैशावर. मतदान आणि मोजणी चालते राज्यांच्या कायद्यांनी, आणि प्रत्यक्ष काम करतात काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे राज्यांचे भाग), काही राज्यांत शहरं आणि गावं. देशभरात तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. आपल्यासारखा सगळं चालवणारा एकच आयोग तिथे नाही, म्हणून मोजायलाही कुणी नाही असं होत नाही.

आता चॅनेल. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था 1848 पासून निकाल सांगत आली आहे. किती मतं कुठे उरली आहेत आणि मागे असलेल्याला ती पुरतील का, याचा तो हिशेब असतो. 2020 मध्ये तिने 7 नोव्हेंबरला बायडन जिंकल्याचं सांगितलं, पण कायद्याच्या लेखी त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. पुढे राज्यांनी निकाल प्रमाणित केले, 14 डिसेंबरला इलेक्टरांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्याराज्यांच्या प्रतिनिधींनी, मतं दिली. 6 जानेवारीला काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, सुरू झालेली त्या मतांची मोजणी कॅपिटॉल या संसद भवनावरच्या हल्ल्यामुळे खोळंबली आणि 7 तारखेच्या पहाटे संपली. तेव्हा कुठे निकाल पक्का झाला.

चॅनेलच्या घाईवर टीका जरूर करा, ती रास्त आहे. 2000 साली त्यांनी फ्लोरिडा राज्य आधी डेमोक्रॅट उमेदवार गोर यांना दिलं, म्हणजे तिथे ते जिंकल्याचं सांगितलं, मग काढून घेतलं, मग रिपब्लिकन बुश यांना दिलं आणि पहाटे तेही मागे घेतलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि बुश 537 मतांनी जिंकले. निकाल चॅनेलच्या हातात असता, तर एका रात्रीत दोनदा शब्द फिरवायची पाळी त्यांच्यावर आलीच नसती.

सगळ्यात जास्त पटतो तो पहाटेच्या मतांचा दावा, कारण तो आपल्या सवयीला धरून आहे. आपल्याकडे टपाली मतं सर्वांत आधी मोजायला घेतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मात्र मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत टपाली मतांची पाकिटं उघडायलाही कायद्याची परवानगी नाही. तिथलं मिलवॉकी शहर ही सगळी पाकिटं एकाच ठिकाणी आणून मोजतं आणि आकडे एकदम देतं. 2020 मध्ये कोविडमुळे अशी मतं सुमारे 1 लाख 70 हजार होती आणि आकडा आला पहाटे तीनच्या सुमारास. ट्रम्प यांनी टपाली मतदानाविरुद्ध महिनोन्‌महिने प्रचार केला होता. त्यामुळे त्यांचे मतदार बूथवर गेले आणि बायडन यांच्या मतदारांनी पाकिटं पाठवली. शहर मुळातच डेमोक्रॅट, म्हणजे बायडन यांच्या पक्षाचं आहे. असं होणार हे ठाऊक होतं. 2018 मध्ये गव्हर्नरच्या निवडणुकीतही मिलवॉकीच्या अशाच उशिरा आलेल्या मतांनी निकाल फिरवला होता.

ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने 30 लाख डॉलर भरून मिलवॉकी आणि डेन या दोन काउंट्यांची फेरमोजणी करवून घेतली. बायडन यांची आघाडी 87 मतांनी वाढली. जॉर्जिया राज्याने तर सुमारे 50 लाख मतपत्रिका हातांनी पुन्हा मोजल्या, निकाल तोच. आणि सगळ्या चॅनेलनी मिळून कट केला म्हणावं, तर ॲरिझोना बायडन यांना सर्वांत आधी दिलं ते फॉक्स न्यूजने, ट्रम्प यांच्या मतदारांच्या लाडक्या चॅनेलने. याच फॉक्सने मतयंत्रांत घोटाळा झाल्याचे दावे दाखवले, आणि 2023 मध्ये यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीशी तडजोड करताना त्यांना 78 कोटी 75 लाख डॉलर मोजावे लागले.

राहिला पैसा. मायकेल ब्लूमबर्ग यांनी 2020 मध्ये पक्षाची उमेदवारी मिळवायला स्वतःचे शंभर कोटी डॉलर ओतले आणि एकट्या अमेरिकन सामोआत जिंकले. 2024 मध्ये कमला हॅरिस यांनी ट्रम्प यांच्यापेक्षा जास्त निधी जमवला आणि हरल्या. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार घराघरांत माहीत असतात. आणखी हजार जाहिराती दाखवून तिथे फार फरक पडत नाही.

पैसा खरा चालतो तो खालच्या, पक्षांतर्गत निवडणुकांत, जिथे मतदाराला नावंच माहीत नसतात. आणि तिथेही दर वेळी नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. स्वतःचे एक कोटीच्या आसपास डॉलर घालूनही ते पक्षांतर्गत लढतीत तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइटच्या काँग्रेस मतदारसंघात त्यांनी पुन्हा स्वतःचा पैसा लावला. या वेळी मतं बऱ्याच उमेदवारांत विभागली गेली आणि तीस टक्क्यांहून कमी मतांत त्यांना उमेदवारी मिळाली. तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा हक्काचा, त्यामुळे नोव्हेंबरची लढत नावापुरतीच उरली होती.