ग्रेगोरियन गायन पहिल्या ग्रेगरींनी रचलेले नाही

पोप पहिले ग्रेगरी (कार्यकाळ ५९०–६०४) यांनी ग्रेगोरियन गायनाच्या, म्हणजे कॅथलिक चर्चमधील लॅटिन उपासनागीतांच्या, चाली बांधल्या, हा फिरणारा दावा चुकीचा आहे. त्या आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात), रोमन आणि स्थानिक गॅलिक परंपरांच्या मिश्रणातून घडल्या. ग्रेगरींच्या काळी चाली लिहून ठेवण्याची सोयच नव्हती. श्रेय त्यांच्या नावावर पक्के झाले ते मुख्यतः जॉन डीकन यांनी लिहिलेल्या ग्रेगरींच्या चरित्रामुळे, आणि ते ग्रेगरींच्या मृत्यूनंतर जवळपास २७० वर्षांनी लिहिले गेले!

ग्रेगरींचा खरा निर्णय महत्त्वाचा आहे. ५९५च्या रोममधील धर्मसभेत त्यांनी डीकनांना (धर्मगुरूंच्या खालच्या दर्जाच्या धर्मसेवकांना) मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, शुभवर्तमानाखेरीज (बायबलमधील येशूच्या चरित्राखेरीज) काहीही गाण्यास मनाई केली. कारण गोड गळा पाहून डीकनांच्या नेमणुका होत. त्यामुळे प्रवचन आणि दानधर्म ही त्यांची कामे मागे पडत.

ग्रेगोरियन दिनदर्शिकाही त्यांची नव्हे. ती १५८२ची, तेराव्या ग्रेगरींची.