'डिलीट इट' म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगा ना भो!

आज अमळनेरला आप्पांनी फोन पुढे धरला. "भाऊ, मना बँकना मेल कोठे ग्यात रे?"

आप्पा निवृत्त मास्तर, चार एकर कापूस. 'लोन घ्या, लोन घ्या' या रोजच्या मेलना वैतागून सायबरवाल्या पोराकडून त्यांनी जीमेलमध्ये फिल्टर लावून घेतला, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा नियम. पोराने 'हॅज द वर्ड्स'च्या चौकटीत लोन टाकलं, 'डिलीट इट'वर टिक केली. दोन मिनिटांचं काम. जाहिराती बंद, आप्पा खूश. पुढे पीककर्जाच्या नूतनीकरणाचे कागद मागणारा बँकेचा मेल आला आणि तोही त्याच खड्ड्यात गेला.

मंडळी, 'हॅज द वर्ड्स' फक्त विषयाची ओळ बघत नाही. मेलच्या पोटात, अगदी तळाच्या बारीक अक्षरातही तो शब्द असला तरी पुरतो. आणि बँकेच्या कुठल्या मेलच्या तळाला लोनची जाहिरात नसते? खातेउतारासुद्धा त्यातच गेला असणार. हे त्या चौकटीखाली एका ओळीत लिहायला काय जातं?

पोराने नीट बघायला हवं होतं, मान्य. जीमेलमध्ये फिल्टर करण्याआधी 'सर्च' दाबलं की कोणकोणते मेल सापडतात ते दिसतं, हेही मान्य. पण ते दाबायचं असतं हे सांगतं कोण? 'या नियमात तुमचे हे मेल उडतील, चालेल का?' असं यंत्रानेच विचारावं.

बाकीच्या टिका बघा. 'स्किप द इनबॉक्स' म्हणजे मेल पुसला जात नाही, इनबॉक्समध्ये न येता 'ऑल मेल'मध्ये जाऊन बसतो. सोबत 'मार्क ॲज रीड'वरही टिक असेल तर ठळक अक्षरही नाही. मेल घरात आहे, पण कोनाड्यात, अंधारात. 'डिलीट इट'वाला ट्रॅशमध्ये, म्हणजे कचरापेटीत जातो आणि ३० दिवसांनी कायमचा जातो. स्पॅमचंही, म्हणजे जीमेल स्वतःच नकोसे ठरवून बाजूला टाकतं त्या मेलचंही तेच, ३० दिवस. आप्पांनी शोधलं तेव्हा दोन महिने उलटले होते.

त्यातही नेहमीच्या शोधात स्पॅम आणि ट्रॅश धरलेच जात नाहीत! माणूस बँकेचं नाव टाकतो, काही सापडत नाही, त्याला वाटतं मेल आलाच नाही. लॅपटॉपवर शोधचौकटीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबून, खालच्या यादीत 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडावं लागतं. सत्तरीच्या माणसाने हे कुठून ओळखायचं? स्पॅममधल्या मेलवर 'हा इथे का आला' अशी पाटी तरी असते. नियमाने उडवलेल्या मेलवरही तशीच हवी: 'तुम्ही अमुक तारखेला लावलेल्या नियमामुळे.' बस, एवढंच.

असो, चिडून आप्पांचा मेल परत येणार नाही. ज्यांनी असा फिल्टर लावलाय त्यांनी आजच बघा. लॅपटॉपवर दातेरी चाक, मग 'सी ऑल सेटिंग्ज', मग 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस'. तिथे सगळे नियम एकाखाली एक दिसतात. नुसत्या शब्दावर 'डिलीट' लावलेला नियम असेल तर आधी तो काढा. मग तिथेच 'क्रिएट अ न्यू फिल्टर' दाबून 'फ्रॉम'मध्ये बँकेच्या पत्त्याचा ॲटच्या चिन्हापासून पुढचा भाग टाका, 'क्रिएट फिल्टर' दाबा आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' व 'स्टार इट' या दोनच टिका करा. तो भाग बँकेच्या जुन्या खऱ्या मेलवरून उतरवा, अंदाजाने नको. जाहिरातवाल्यांसाठीही शब्द नको, पाठवणाऱ्याचा पत्ताच टाका. आणि 'डिलीट'ऐवजी 'अप्लाय द लेबल' करून 'जाहिराती' नावाचं लेबल लावा, सोबत 'स्किप द इनबॉक्स'. चुकून कामाचा मेल गेला तरी तिथेच पडून राहील.

फुकटची सोय आहे, तक्रार कसली, असं कुणी म्हणेलच. म्हणू दे. पण ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांचं काय? जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये हे नियम करताही येत नाहीत आणि काढताही येत नाहीत. आप्पांचं सगळं जग त्या फोनमध्ये, आणि चूक दुरुस्त करायची जागा मात्र दुसऱ्याच यंत्रावर.

बिचारे आप्पा शेवटी म्हणाले, "जाऊ दे रे, बँकमा जाई येसू." तो लोनवाला नियम मात्र अजून तसाच चालू आहे. उद्या लॅपटॉप घेऊन जायचंय.