माझा नंबर म्हणजे देवळातली घंटा आहे का?

आज सकाळी झाडावर होतो. हातात घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी, घळीत दोन आंबे आणि खिशात फोन थरथरतोय. म्हटलं वाशीचा दलाल, कालच्या पेट्यांचा भाव सांगत असेल. बोटांना चीक, हिरवं बटण सरकेना. बोट लेंग्याला पुसेपर्यंत घळ तिरकी झाली आणि दोन्ही आंबे खाली जांभ्या दगडावर, फट्‌! फोनवर गोड आवाज : "सर, तुमचं पर्सनल लोन मंजूर झालंय."

मंजूर? मागितलं कुणी? आणि बाईंना माझं नाव माहीत, तेही वडिलांच्या नावासकट. गावाचं नावही माहीत, जे पोस्टमन सोडला तर कुणाला धड म्हणताही येत नाही. नंबर कुठून मिळाला विचारलं तर "सिस्टिममध्ये आहे सर."

कुठली सिस्टिम? महिन्याभरापूर्वी रत्नागिरीत मिक्सर घेतला, तिथला पोरगा "नंबराशिवाय बिल निघत नाही" म्हणून अडून बसला. त्याच आठवड्यात फवारणी पंपाची किंमत बघायला एक ॲप उतरवलं. त्याला नाव, गाव, लोकेशन, फोनमधले सगळे नंबर हवेत. अरे, पंपाला माझ्या बायकोच्या माहेरचे नंबर कशाला? "नको" दाबलं की ॲप बंद. याला म्हणायचं संमती!

आपली खासगी माहिती जपणाऱ्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात काय सुंदर लिहिलंय : संमती मोकळेपणाने आणि नेमक्या कामापुरती दिलेली हवी, दिली तितक्याच सहज मागेही घेता आली पाहिजे. वाचून अगदी गार वाटतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क, असं सुप्रीम कोर्ट 2017 साली म्हणालं. कायदा आला 2023 मध्ये, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि कंपन्यांना तो पाळायला आणखी 18 महिने. म्हणजे मे 2027! 2017 साली हापूसचं कलम लावलं असतं तर एव्हाना पेट्या भरल्या असत्या.

दंड म्हणे 250 कोटींपर्यंत. तो जाणार सरकारी तिजोरीत, माझ्या फुटलेल्या आंब्यांचे मला शून्य. उलट माझी तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर मलाच 10 हजारांपर्यंत भुर्दंड. जाहिरातीचे फोन नकोत म्हणून डीएनडी लावूनही रोज नवा दहा आकडी नंबर. एक ब्लॉक केला की दुसरा हजर.

दुपारी दलाल म्हणतो, तीनदा लावला, बिझी येत होता. बिझीच होतो बाबा. न मागितलेल्या कर्जाला नको म्हणत होतो.